मुर्नाऊचे निळे डोंगर

1908 च्या ऑगस्टमध्ये चार चित्रकार बव्हेरियातल्या मुर्नाऊ या बाजारपेठेच्या गावी मुक्कामाला आले: वासिली कांडिन्स्की, गाब्रिएले म्युंटर, अलेक्सेई यावलेन्स्की आणि मारियाने फॉन वेरेफ्किन. म्युंटर बर्लिनची, बाकीचे तिघे रशियातून येऊन म्युनिकमध्ये स्थिरावलेले. मुर्नाऊ म्युनिकच्या दक्षिणेला, श्टाफेलझे सरोवराजवळ, उंचवट्यावर वसलं आहे. खाली दलदलीचा लांबरुंद सपाट प्रदेश, आणि त्याच्या पलीकडे आल्प्सची भिंत. आल्प्स ओलांडून दक्षिणेकडून ‘फ्योन’ नावाचा कोरडा, उबदार वारा उतरतो तेव्हा हवेतला धुरकटपणा नाहीसा होतो. एरवी फिकट वाटणारे डोंगर त्या दिवशी गडद निळे होतात आणि हाकेच्या अंतरावर आल्यासारखे दिसतात.

या वाऱ्याला मी फार महत्त्व देतो. लँडस्केप शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला सुरुवातीलाच सांगितलं जातं, की जवळचं ते गडद आणि उबदार, दूरचं ते फिकट आणि निळसर. लिओनार्डोनं हे निरीक्षण लिहून ठेवलं आणि पुढची चार शतकं युरोपातलं निसर्गचित्र त्याच पायावर उभं राहिलं. प्रेक्षकाची नजर पुढच्या तपकिरी जमिनीवरून मधल्या हिरव्या शेतात आणि तिथून दूरच्या निळ्या धूसर रेषेत हळूहळू जाते. त्या प्रवासातच एक शांतपणा असतो. फ्योनच्या दिवशी खुद्द निसर्ग हा नियम मोडतो. मुर्नाऊच्या चित्रांत मागचा डोंगर पुढच्या कुंपणाइतक्याच जोरानं बोलतो, तो काही या चौघांनी हवेतून काढलेला नव्हता. त्यांनी तो पाहिला, आणि त्या पाहण्यातून काय करता येईल हे त्यांना उमगलं.

अभिव्यक्तिवादी चित्राबद्दल एक समज पक्का रुजलेला आहे: मनात खळबळ माजली, हाताला लागेल तो रंग फासला, झालं चित्र. प्रदर्शनांत असं बोलणारे प्रेक्षक भेटतात, आणि तशीच चित्रं काढणारेही भेटतात. मुर्नाऊची, तसंच पुढे येणारी ड्रेस्डेन आणि दावोसची चित्रं थोडा वेळ देऊन पाहिली की हा समज टिकत नाही. आभाळ पिवळं करणं अवघड नाही. ते पिवळं केल्यावर खालचं गवत, छप्पर, डोंगराची कड, रस्त्याचा जांभळा या सगळ्यांनी त्या पिवळ्याशी कसं वागायचं हे ठरवणं अवघड आहे. चित्रातला भाव एकट्या रंगात नसतो. तो या वागण्यातून तयार होतो.

म्युंटर त्या वेळी एकतीस वर्षांची होती. म्युनिकच्या कला अकादमीत स्त्रियांना प्रवेश नव्हता, म्हणून ती ‘फालांक्स’ या खासगी कलाशाळेत गेली, आणि तिथे कांडिन्स्की तिला शिकवायला होता. पुढे ते दोघे सोबती झाले, हॉलंड, ट्युनिस, इटली, पॅरिसजवळचं सेव्र असे काही वर्षं हिंडले. या काळातली दोघांचीही निसर्गचित्रं दृक्‌प्रत्ययवादी वळणाची आहेत: छोट्या पट्टीनं, म्हणजे स्पॅच्युलानं, रंगाचे जाडसर तुकडे शेजारी शेजारी ठेवलेले, सगळं प्रकाशात चमचमणारं. चांगली चित्रं आहेत, पण त्यांत भाव हवामानाचा आहे. ऊन आहे तर प्रसन्न, ढग आहेत तर उदास.

मुर्नाऊत हे बदललं. यावलेन्स्की फ्रान्समध्ये राहून आला होता, मातीसला भेटला होता, आणि गोगँच्या परंपरेतली एक महत्त्वाची गोष्ट त्याच्याकडे होती: सपाट रंगाचे मोठे भाग करायचे आणि त्यांना गडद रेषेनं बांधायचं. म्युंटरनं ती उचलली, आणि इतक्या वेगानं, की शिक्षक कांडिन्स्कीलाही तिनं काही बाबतींत मागे टाकलं. थोड्या यातनेच्या काळानंतर आपण मोठी झेप घेतली, निसर्गाची नक्कल सोडून त्याच्या अर्काकडे गेलो, असं तिनं नंतर नोंदवून ठेवलं आहे. पुढच्या वर्षी, 1909 मध्ये, तिनं मुर्नाऊत घर घेतलं. गावकरी त्याला ‘रशियनांचं घर’ म्हणू लागले.

त्याच घराच्या परिसरात तिला आणखी एक गुरू मिळाला, तो म्हणजे तिथली लोककला. त्या भागात काचेच्या मागच्या बाजूनं संतांची चित्रं रंगवण्याची जुनी परंपरा होती. आपल्याकडे तंजावरच्या मराठा दरबाराच्या आश्रयानं अशीच काचचित्रं फुलली, त्यामुळे ही पद्धत मराठी वाचकाला अगदीच परकी वाटू नये. काचेच्या मागून रंगवताना सगळा क्रम उलटा होतो. एरवी शेवटी येणारी बाह्यरेषा आणि डोळ्यांतला ठिपका आधी काढायचा, मग अंगरखा, मग सर्वांत शेवटी पार्श्वभूमी. एकदा रेषा पडली की ती झाकता येत नाही. रंगात रंग मिसळून छाया-प्रकाश घोटायला फारशी जागा नसते. म्युंटर हे तंत्र गावातल्या हाइनरिश राम्बोल्ड या कारागिराकडून शिकली. तिच्या तैलचित्रांतली ठाम काळी-निळी रेषा आणि तिच्या पोटातला न घोटलेला, एकसंध रंग पाहिला की काचेनं लावलेली शिस्त लगेच ओळखू येते. चित्रासाठी ती बहुतेकदा साधा पुठ्ठा वापरी. काही ठिकाणी दोन रंगांच्या मधे पुठ्ठ्याचा मूळ तपकिरी रंग उघडा राहू दिलेला दिसतो, आणि त्यानं शेजारच्या दोन्ही रंगांना श्वास मिळतो.

म्युनिकच्या लेनबाखहाउस संग्रहालयात तिचं ‘यावलेन्स्की आणि वेरेफ्किन’ हे छोटंसं चित्र आहे. डोंगरउताराच्या गवतावर दोन माणसं विसावली आहेत. त्यांना नाक-डोळे नाहीत. चेहरा म्हणजे रंगाचा एक कोरा तुकडा. मागे निळे डोंगर. माणसाची मनःस्थिती दाखवायला आपण सवयीनं चेहरा शोधतो, तो इथे मुद्दाम काढून घेतला आहे. मग भाव कुठून येतो? हिरव्या उताराचा प्रचंड विस्तार, त्यावर रेललेली अंगं आणि त्यांच्यावर उभा निळा, एवढ्यातून. उन्हाळ्यातल्या दुपारची सुस्ती त्या चित्रात आहे, पण ऊन म्हणून रंगवलेलं काहीच नाही.

हे कसं घडतं ते समजायला थोडं मागे, पॅरिसमधल्या गोबलँ या विणकामाच्या कारखान्यात जावं लागेल. मिशेल शेव्ह्रल हा रसायनशास्त्रज्ञ तिथे रंगाई विभागाचा प्रमुख होता. काही रंग, विशेषतः काळा, कापडात फिका उतरतो अशी तक्रार त्याच्याकडे आली. तपासल्यावर रंगद्रव्यात दोष सापडला नाही. दोष शेजाऱ्यात होता. एखादा रंग आपल्या शेजारच्या रंगावर स्वतःच्या विरोधी रंगाची झाक टाकतो, असं त्यानं दाखवून दिलं आणि 1839 मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. लाल हिरव्याशेजारी पेटतो, नारिंगी निळ्याशेजारी, पिवळा जांभळ्याशेजारी. पैठणीचा काठ आणि अंग यांची जोडी जमवणाऱ्या विणकराला हे ग्रंथाशिवाय ठाऊक असतं. चित्रकारांना शेव्ह्रलमुळे एक नेमकी जाण आली: एकच करडा रंग शेजार बदलून थंड किंवा उबदार, उदास किंवा नुसता शांत करता येतो.

याला दुसरी जाण जोडावी लागते, ती टोनची. कृष्णधवल फोटोत जे उरतं तो टोन, म्हणजे रंगाचा उजळपणा किंवा गडदपणा. लाल आणि हिरवा टोननं सारखे असतील तर डोळा त्यांच्यातली सीमा नीट धरू शकत नाही. तो भाग थरथरल्यासारखा, अस्वस्थ वाटतो. त्यांच्यामध्ये गडद रेषा ओढली की थरथर थांबते आणि दोन्ही रंग दागिन्यातल्या खड्यांसारखे स्थिर झळाळतात. म्युंटर रेषा ओढते, म्हणून तिच्या चित्रात झगझगीत रंग असूनही मन ठिकाणावर राहतं. ड्रेस्डेनचा चित्रकार किर्शनर, ज्याच्याकडे पुढे येऊच, बऱ्याचदा ती रेषा तोडतो किंवा टोकदार करतो, आणि त्याचे तेच लाल-हिरवे आपल्याला टोचतात. दोन चित्रकारांच्या स्वभावातला फरक अशा एखाद्या तांत्रिक निर्णयात पकडता येतो, यात मला या चित्रांचा सगळ्यात मोठा आनंद वाटतो.

कांडिन्स्कीनं याचं तत्त्वज्ञान मांडलं. ‘कलेतील आध्यात्मिकतेविषयी’ हे त्याचं छोटं पुस्तक 1911 च्या डिसेंबरात बाहेर आलं. त्याच महिन्यात फ्रान्झ मार्क आणि त्यानं मिळून ‘ब्लू रायडर’ गटाचं पहिलं प्रदर्शन म्युनिकमध्ये भरवलं. पुस्तकात तो रंगांना वाद्यांशी जोडतो: फिकट निळा बासरीसारखा, गडद निळा चेलोसारखा. वाद्यांच्या या याद्या लोकांना फार आवडतात आणि सतत उद्धृत होतात. मला त्या कोशासारख्या वापरणं चुकीचं वाटतं, कारण कुणाला निळ्यात शांती दिसते तर कुणाला थंडी. त्याचं जास्त टिकाऊ निरीक्षण रंगांच्या हालचालीबद्दल आहे. पिवळा पसरतो, पाहणाऱ्याच्या अंगावर येतो. निळा आत मिटतो, पाहणाऱ्यापासून दूर सरकतो. आता मुर्नाऊच्या चित्रात दूरचं आभाळ पिवळं आणि जवळची सावली निळी केली तर काय होईल? दूरचं पुढे धावेल, जवळचं मागे हटेल. जमिनीचा भक्कमपणा जाईल. पाहणाऱ्याला कारण कळणार नाही, पण पोटात हलकीशी उलथापालथ जाणवेल. ‘मुर्नाऊ: रेल्वे आणि किल्ला’ या त्याच्या 1909 च्या चित्रात काळीकुट्ट आगगाडी चित्र आडवं कापत जाते, आणि त्या काळ्यामुळे बाकीचे उजळ रंग जणू तिच्या वेगानं बाजूला फेकले जातात. ती रेल्वे म्युंटरच्या घरापासून खरोखरच जवळून जात असे.

कांडिन्स्कीनं आठवणींत एक प्रसंग सांगितला आहे. संध्याकाळच्या उजेडात तो घरी आला आणि भिंतीशी टेकवलेलं एक विलक्षण सुंदर चित्र त्याला दिसलं. त्यात ओळखता येईल अशी कुठलीच वस्तू नव्हती. जवळ गेल्यावर समजलं, की ते त्याचंच चित्र होतं, आडवं उभं केलेलं. वस्तूच माझ्या चित्राला अडसर होते आहे, असं त्यानं यातून ठरवलं आणि काही वर्षांत तो अमूर्ताकडे गेला. कलेच्या इतिहासांत या झेपेला मोठं पान मिळतं, तेही रास्तच. पण निसर्गचित्राचा विचार करताना मी म्युंटरला वरची जागा देतो. डोंगराला डोंगर राहू देऊन त्याच्याकडून मनातलं बोलवून घेणं, ही जोखीम तिनं आयुष्यभर घेतली. नाझींच्या काळात तिनं कांडिन्स्कीची आणि सहकाऱ्यांची चित्रं मुर्नाऊच्या घराच्या तळघरात लपवून वाचवली. 1957 मध्ये, आपल्या ऐंशीव्या वाढदिवसाच्या निमित्तानं, तिनं हजाराहून जास्त कलाकृती म्युनिक शहराला देऊन टाकल्या. लेनबाखहाउसमधला आजचा जगप्रसिद्ध संग्रह त्या देणगीवर उभा आहे.

उत्तरेकडे, ड्रेस्डेनमध्ये, 7 जून 1905 रोजी वास्तुकलेच्या चार विद्यार्थ्यांनी ‘ब्रुक’ म्हणजे ‘पूल’ हा गट स्थापन केला होता: एर्न्स्ट लुडविग किर्शनर, एरिश हेकेल, कार्ल श्मिट-रोटलुफ आणि फ्रित्झ ब्लायल. त्याच वर्षी शहरात व्हॅन गॉगच्या चित्रांचं प्रदर्शन झालं आणि ही पोरं हादरून गेली. मुंकच्या 1893 च्या ‘किंकाळी’तलं रक्तासारखं आभाळही त्यांच्या पाठीशी होतंच. सुरुवातीला त्यांनी व्हॅन गॉगसारखेच जाड फटकारे मारले. मग हळूहळू रंग पातळ झाला. तैलरंगात पेट्रोलसारखं द्रावण मिसळून ते मोठे भाग झपाट्यानं भरू लागले. असा रंग लवकर वाळतो, तेलाची चकाकी जाते आणि पृष्ठभाग मऊ, कोरडा दिसतो. चकाकी नसल्यामुळे नजर रंगाच्या कातडीवर अडकत नाही, सरळ रंगातच शिरते. भावना वेगवान होती म्हणून हात वेगवान झाला, असं म्हणणं सोपं आहे. हाताला वेग देणारा रंग त्यांनी आधी तयार केला, हे विसरता कामा नये.

किर्शनर पहिल्या महायुद्धात सैन्यात गेला आणि मनानं कोसळला. 1917 मध्ये तो स्वित्झर्लंडमधल्या दावोसला आला आणि मरेपर्यंत तिथेच राहिला. बर्लिनच्या रस्त्यांचा हा चित्रकार तिथे पर्वतांचा चित्रकार झाला. जानेवारी 1919 मधल्या एका पत्रात तो पहाटेच्या चंद्रास्ताबद्दल लिहितो: पिवळा चंद्र, छोटे गुलाबी ढग, आणि डोंगर मात्र शुद्ध, खोल निळे. रात्रभर शेगडी पेटती ठेवूनही खिडकी गोठली होती, इतकी थंडी होती. त्यातून आलेलं ‘चांदण्यातला हिवाळी देखावा’ हे चित्र आज डेट्रॉइटच्या संग्रहालयात आहे. त्यातले निळे डोंगर आणि लालसर झाडं पाहून प्रेक्षक म्हणतो, हा सगळा आजारी मनाचा खेळ. पत्र वाचल्यावर कळतं, की निळा डोंगर त्याला समोर दिसला होता. त्यानं केलं ते इतकंच, की जे काही क्षण टिकतं त्याला पूर्ण वजन दिलं आणि बाकीच्या रंगांना त्या निळ्याच्या तोलाचं केलं. झाडं लाल झाली ती निळ्याला उत्तर म्हणून. 1937 मध्ये नाझींनी जर्मन संग्रहालयांतली त्याची सहाशेहून जास्त कामं काढून घेतली. 15 जून 1938 रोजी त्यानं स्वतःला संपवलं.

एमिल नोल्डबद्दल लिहिताना लेखणी जड होते. डेन्मार्कच्या सीमेजवळच्या सपाट, दलदलीच्या किनाऱ्यावर वाढलेला हा चित्रकार जलरंगात समुद्र आणि आभाळ रंगवताना जपानी कागद आधी भिजवून घेई. ओल्या कागदात रंग शाईसारखा शिरतो, पसरतो, दुसऱ्या रंगाला जाऊन मिळतो. कुठे थांबायचं हे काही अंशी कागदच ठरवतो. नारिंगी ढग आणि काळसर जांभळं पाणी एकमेकांत झिरपतात त्या कडेवर जी धास्ती निर्माण होते, तिला तोड नाही. आणि हाच माणूस नाझी पक्षाचा सदस्य होता, कट्टर ज्यूद्वेष्टा होता. ‘अधःपतित कला’ म्हणून जप्त झालेल्या चित्रांत सर्वांत मोठा वाटा त्याचाच होता, हजाराहून जास्त कामं, त्यामुळे युद्धानंतर त्याच्याकडे छळ सोसलेला कलावंत म्हणूनच पाहिलं गेलं. 2019 मध्ये बर्लिनला झालेल्या प्रदर्शनात त्याच्या विचारांचे कागदोपत्री पुरावे लोकांसमोर आले. चॅन्सलर आंगेला मर्केल यांच्या कार्यालयातलं त्याचं समुद्राचं चित्र उतरवलं गेलं. रंगातली उत्कटता पाहून आपण चित्रकाराच्या अंतःकरणाची ग्वाही देतो, ती देण्याचा आपल्याला अधिकार नाही, हे नोल्डनं मला शिकवलं. चित्रातली धास्ती खरी आहे. ती रंगांनी, ओल्या कागदानं आणि तयार हातानं घडवलेली आहे, आणि त्या हाताचा मालक भला होता की नाही याबद्दल ती काहीच सांगत नाही.

नाझींनी हाकललेल्या या चित्रभाषेचा एक धागा थेट मुंबईत येतो. 1922 च्या अखेरीस कलकत्त्यात बाउहाउस या जर्मन कलाशाळेच्या प्रदर्शनात कांडिन्स्कीची कामं येऊन गेली होती, पण मुंबईला जिवंत माणसं मिळाली. व्हिएन्नाचे चित्रकार वॉल्टर लँगहॅमर आपल्या ज्यू पत्नीसह नाझींपासून दूर इथे आले आणि टाइम्स ऑफ इंडियात कलासंचालक झाले. त्याच वृत्तपत्रात जर्मनीहून आलेले रूडी फॉन लायडन चित्रसमीक्षा लिहीत. संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर चित्रं विकत घेत. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या वर्गांत तेव्हा नेमक्या रेखांकनाला आणि संयत जलरंगाला मान होता. लँगहॅमरांकडे तरुणांना सुट्या, धीट फटकाऱ्यांनी उभारलेला रंग पाहायला मिळाला, युरोपातल्या चित्रांच्या प्रतिकृती पाहायला मिळाल्या, आणि त्यांवर मोकळेपणानं बोलायला मिळालं.

1947 मध्ये स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या सहा जणांपैकी निसर्गचित्राला सर्वांत घट्ट धरून राहिले ते हरी अंबादास गाडे. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे गाडे विज्ञानाचे पदवीधर होते. गटातल्याच हुसेन आणि सूझा यांच्या झगमगाटात त्यांचं नाव मागे पडलं, याची मला खंत वाटते. त्यांच्या चित्रांत गावं आणि घरं रंगाचे ठोकळे होऊन एकमेकांना टेकतात. रंग तापलेला असतो, पण ठोकळ्यांची बांधणी गणित सोडवावं तशी असते. म्युंटरच्या पुठ्ठ्यांशेजारी गाडेंची चित्रं लावून एखादं प्रदर्शन व्हायला हवं.

गटातले दुसरे निसर्गचित्रकार सय्यद हैदर रझा. मध्य प्रांतातल्या मंडला जिल्ह्यातले, नागपूरच्या कलाशाळेतून जे. जे.त आलेले. चाळिशीच्या दशकातले त्यांचे मुंबईच्या रस्त्यांचे जलरंग ओले, वाहते आणि अतिशय देखणे आहेत. 1948 मध्ये ते काश्मीरमध्ये चित्रं काढत असताना छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी ती पाहिली. तुमच्याकडे प्रतिभा आहे, पण चित्रांत बांधणी नाही, सेझानचा अभ्यास करा, असं त्यांनी सांगितल्याची आठवण रझा पुढे वारंवार सांगत. 1950 मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर रझा पॅरिसला गेले आणि आधी फ्रान्समधली खेडी चौकोनी, ताठ, जवळजवळ कोरडी वाटावीत इतक्या शिस्तीनं रंगवत बसले. साठच्या दशकात त्यांच्या कॅनव्हासवर लाल आणि काळा रंग उसळून आले, घरं आणि चर्च वितळून गेली, तेव्हा त्या उसळीखाली ही सगळी वर्षं पायासारखी पक्की बसलेली होती.